रिअ‍ॅक्टरचं रीडिंग कुंपणाबाहेर

3 जून 2021, गुरुवार. रात्री सव्वादहा वाजून गेल्यावर बदलापूरच्या एमआयडीसीलगतच्या वस्त्यांमध्ये लोकांचे डोळे चुरचुरू लागले. कुणाला मळमळायला लागलं, कुणाला श्वास पुरेना. नोबल इंटरमीडिएट्स या कंपनीत गळती झाली होती आणि तिचा त्रास सुमारे तीन किलोमीटरच्या परिसरात जाणवला. नाकाला रुमाल, ओढणी, पदर धरून रस्त्यावर धावणारी माणसं त्या रात्रीच्या चित्रफितींत दिसतात. अग्निशमन दलाने साधारण तासाभरात गळती आटोक्यात आणली आणि जीवितहानी टळली.

पण तो तास बदलापूरकरांनी कसा काढला? गॅस कुठला आहे, कुठल्या कंपनीतून येतोय, खिडक्या लावून घरात बसायचं की पोरांना घेऊन बाहेर पडायचं, यातलं काहीही त्यांना ठाऊक नव्हतं. जी उत्तरं मिळाली ती व्हॉट्सअ‍ॅपवर, अर्धी खरी आणि अर्धी ऐकीव.

कंपनीतलं रसायन प्रमाणाबाहेर तापल्यामुळे गळती झाली, असं तेव्हा सांगण्यात आलं. याचा अर्थ असा, की लोकांच्या नाकापर्यंत वास पोचण्याआधीच तो धोका भांड्याच्या आत एका आकड्याच्या रूपात हजर होता. तापमान चढत होतं. हे प्रकरण त्या आकड्याबद्दल आहे: तो कुठे उमटतो, आज कोणाला दिसतो आणि खरं तर कोणाकोणाला दिसायला हवा.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरची शेजारी गावं, आणि तिन्हींच्याही इतिहासात कारखाना आहे. अंबरनाथला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना 1920 च्या दशकात आला. फाळणीनंतर कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकींमध्ये सिंधी निर्वासित उतरले, 1949 मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या चिमण्या उभ्या राहिल्या. पुढे एमआयडीसीने अंबरनाथला मोरिवली, चिखलोली, आनंदनगर आणि बदलापूरला खरवई, माणकिवली, शिरगाव असे पट्टे बसवले. औषधांसाठी लागणारी मधली रसायनं, रंग, विद्रावकं असा माल इथे तयार होतो. त्याच काळात मुंबईत घर न परवडणारी कुटुंबंही इथेच आली. आज कित्येक ठिकाणी कंपनीची भिंत आणि गृहसंकुलाची भिंत यांत फक्त एक रस्ता आहे.

इथल्या बऱ्याच कंपन्या मध्यम किंवा लहान आहेत आणि त्यांचं काम बॅचवर चालतं. चार-पाच हजार लिटरचा एक रिअ‍ॅक्टर असतो, आत ढवळणारा अ‍ॅजिटेटर, बाहेरून जॅकेट. जॅकेटमधून गरजेप्रमाणे वाफ किंवा थंडगार ब्राइन, म्हणजे खारं पाणी, फिरवतात. वरच्या डोझिंग टँकमधून दुसरं रसायन हळूहळू, धार बारीक ठेवून सोडायचं असतं. अनेक अभिक्रिया स्वतःच उष्णता सोडतात. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, वेग वाढला की आणखी उष्णता सुटते, आणि एका टप्प्यानंतर ती बाहेर काढणं जॅकेटच्या आवाक्याबाहेर जातं. आतल्या द्रवाची वाफ होते, दाब वाढतो आणि तो वाट शोधतो. चुलीवरचं दूध शेवटच्या काही क्षणांतच उतू जातं, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे भांड्याचं झाकण बोल्टांनी आवळलेलं असतं.

आता रात्रपाळी डोळ्यांसमोर आणावी. प्लँटवर एक ऑपरेटर, एक-दोन हेल्पर आणि एक केमिस्ट. केमिस्टकडे एकापेक्षा जास्त रिअ‍ॅक्टर. पॅनेलवर तापमानाचा लाल आकडा आणि शेजारी फळीला अडकवलेलं लॉगशीट. त्यात दर अर्ध्या तासाने वेळ, तापमान, दाब लिहून सही करायची. 42, 43, 43, 44. दोन नोंदींच्या मध्ये माणूस ड्रम हलवायला जातो, सँपल काढून लॅबला देतो, चहा घेतो. पाळी संपताना लॉगशीट एकदम भरून टाकण्याची सवयही कारखान्यांच्या जगाला नवी नाही. वीज गेली आणि अ‍ॅजिटेटर थांबला, तर द्रवाचे थर वेगवेगळे तापू लागतात. जनरेटर सुरू होऊन ढवळणं पुन्हा चालू होतं, ती वेळ सगळ्यात जोखमीची, कारण साचलेलं रसायन एकदम मिसळतं. त्या दहा मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो तो कमी पगाराच्या, बहुधा ठेकेदारीवरच्या एकट्या माणसाला.

क्लाउड तंत्रज्ञानाचा उपयोग नेमका इथे सुरू होतो. नावात ढग असला तरी त्यात अधांतरी काही नाही. आपल्या कंपनीत संगणक न ठेवता दुसऱ्याच्या मोठ्या संगणकघरातली जागा भाड्याने घ्यायची, एवढंच. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत अशी केंद्रं सुरू केली, अ‍ॅमेझॉन 2016 मध्ये मुंबईत आली. ऐरोली, रबाळे, महापे हा ठाणे-बेलापूर पट्टा एकेकाळी रसायनांसाठी ओळखला जायचा. आज तिथे डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती रांगेने उभ्या आहेत. अंबरनाथच्या रिअ‍ॅक्टरचा आकडा तासाभराच्या अंतरावरच्या अशा इमारतीत जाऊन, तपासला जाऊन, परत मोबाइलवर येऊ शकतो, आणि त्याला लागतात काही क्षण.

वाट अशी असते. रिअ‍ॅक्टरमधला तापमापक, दाबाचा ट्रान्समीटर, ब्राइनच्या पंपाचा प्रवाह, भिंतीवरचे गॅस डिटेक्टर हे सगळे एका गेटवेला जोडले जातात. तारा ओढणं अवघड असेल तिथे लोरा नावाची कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत वापरतात. तिच्यासाठी भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना खुला आहे. गेटवे हे आकडे दर काही सेकंदांनी क्लाउडवर पाठवतो. तिथली प्रणाली आकडा नुसता साठवत नाही, त्याचा चढही पाहते. 44 अंश ठीक असतील, पण आधीच्या शंभर बॅचमध्ये या टप्प्याला 44 यायला चाळीस मिनिटं लागत होती आणि आज पंधराच लागली, हे लॉगशीट वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच असं नाही. यंत्राच्या येतं. मग संदेश जातो: आधी ऑपरेटरला, दोन मिनिटांत त्याने उत्तर दिलं नाही तर घरी झोपलेल्या प्लँट मॅनेजरला, नंतर मालकाला. एकट्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं वाटलं जातं, हा यातला सगळ्यात मोठा लाभ आहे. बड्या कंपन्यांकडे स्वतःचा कंट्रोल रूम पूर्वीपासून असतोच. चाळीस कामगारांच्या कंपनीला तो परवडत नव्हता, आणि महिन्याच्या भाड्यावर मिळणारी सेवा तिला निदान विचारात घेता येते.

एक गोष्ट मात्र विक्रेते सांगोत न सांगोत, मालकाने पक्की ध्यानात ठेवायला हवी. झडप बंद करण्याचं काम क्लाउडवर सोडायचं नाही. तापमान मर्यादेपलीकडे गेलं की डोझिंग थांबणं, पूर्ण क्षमतेने कूलिंग सुरू होणं, दाब वाढला की रप्चर डिस्क ही सुरक्षा-चकती फुटून वायू तो शोषून घेणाऱ्या स्क्रबरकडे जाणं, ही साखळी प्लँटमध्येच हवी आणि इंटरनेटशिवाय चालायला हवी. पावसाळ्यात रस्ता खोदताना केबल तुटते, टॉवर बंद पडतो. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले, विमानतळ आणि रुग्णालयं अडकली. रिअ‍ॅक्टरचं थंड होणं अशा कशावरही अवलंबून असता कामा नये.

आणि आकडा खरा असायला हवा. 7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समध्ये स्टायरीनची वाफ सुटली आणि झोपेतली माणसं रस्त्यावर कोसळली. मृतांचा आकडा बारावर गेला. चौकशी समितीच्या अहवालातली एक नोंद प्रत्येक इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञाने वाचावी अशी आहे. त्या टाकीचं तापमान मोजलं जात होतं, पण फक्त तळाशी. टाळेबंदीत टाकी पडून होती, वरचे थर तापत गेले, तिथेच बहुलीकरण सुरू झालं आणि तळाचा तापमापक सगळं ठीक असल्याचं दाखवत राहिला. त्याच अहवालात आणखी एक बाब होती. कारखान्यात सायरन वाजवता येतील अशा 36 जागा होत्या, पण सायरन वाजला नाही. ते तळाचं रीडिंग जगातल्या उत्तमोत्तम क्लाउडवर गेलं असतं, तरी तिथेही ते ठीकच दिसलं असतं.

इंग्लंडमधल्या बन्सफील्डच्या तेलडेपोत 11 डिसेंबर 2005 च्या पहाटे पेट्रोलच्या टाकीची पातळी दाखवणारा काटा अडकला होता. पाइपलाइनमधून पेट्रोल येतच होतं, पडद्यावरची पातळी मात्र हलत नव्हती, आणि भरल्यावर पंप थांबवणारा स्वतंत्र स्विचही चालला नाही. टाकी वाहिली, वाफेचा ढग पसरला आणि प्रचंड स्फोट झाला. इथे मात्र दूरवरची प्रणाली कामी येऊ शकते. पंप चालू आहे आणि पातळी तासन्‌तास तसूभरही बदलत नाही, ही विसंगती पकडणं यंत्राला सोपं असतं. चढणाऱ्या आकड्याइतकाच न हलणारा आकडाही धोक्याची खूण असतो.

आता रिअ‍ॅक्टरपासून माणसाकडे. उल्हासनगरच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये 23 सप्टेंबर 2023 ला कार्बन डायसल्फाइड वाहून नेणाऱ्या टँकरशी संबंधित स्फोट झाला आणि कामगारांचे प्राण गेले. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढायचा तर हे रसायन लागतंच. ते उणे तीस अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ देतं आणि त्याची वाफ सुमारे नव्वद अंशांना, ठिणगीशिवाय, निव्वळ गरम पाइपाच्या स्पर्शानेही पेटू शकते. धागा काढण्याच्या प्रक्रियेत हायड्रोजन सल्फाइडही सुटतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो. घात होतो तो पुढे. दहा लाखांत शंभर भाग एवढं प्रमाण झालं, की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस पुढे पाऊल टाकतो.

अशा वायूने उल्हासनगरला एकदा गावभर गाठलं आहे. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस वालधुनी नदीत रसायन सोडलं गेलं, पाण्यातून विषारी वायू उठला आणि काठावरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावं लागलं.

टाकीत उतरणं हे या पट्ट्यातलं आणखी एक जीवघेणं काम. बॅच संपली की रिअ‍ॅक्टर किंवा जमिनीखालची टाकी साफ करायची असते. आग लागू नये म्हणून आत नायट्रोजन भरलेला असतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेत 20.9 टक्के ऑक्सिजन असतो, 19.5 च्या खाली डिटेक्टर वाजायला लागतो, आणि पाच-सहा टक्क्यांवर माणूस ओरडायच्या आत कोसळतो. मग मॅनहोलवर उभा असलेला साथीदार, बहुतेक वेळा त्याच गावचा, कधी सख्खा भाऊ, त्याला ओढायला उडी मारतो आणि तोही जातो. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 36 ने अशा जागेत उतरण्यापूर्वी हवा तपासून लेखी दाखला घेण्याची, किंवा श्वसनयंत्र घालून सुरक्षापट्टा आणि दोर बांधण्याची सक्ती केली होती. परमिटचं पुस्तक बहुतेक कंपन्यांत असतं. त्यातल्या ऑक्सिजनच्या रकान्यात 20.9 हा आकडा यंत्र आत सोडून लिहिला की सवयीने, हे पुस्तक सांगत नाही.

खिशाला लावायचा क्लाउडशी जोडलेला डिटेक्टर ते सांगतो. कॅनडातल्या कॅल्गरीची ब्लॅकलाइन सेफ्टी, अमेरिकेतल्या पिट्सबर्गची इंडस्ट्रियल सायंटिफिक अशा कंपन्या ही उपकरणं बनवतात. चार वायू मोजणारी ही डबी कामगाराच्या छातीवर असते. रीडिंग वेळेसकट साठवलं जातं, माणूस ठरावीक वेळ हलला नाही तर बाहेर अलार्म जातो, आणि परमिट तेव्हाच मंजूर करता येतं जेव्हा त्या टाकीच्या आतलं प्रत्यक्ष रीडिंग प्रणालीत आलेलं असतं. यात दोन अडचणी आहेत. ज्वलनशील वाफ असलेल्या जागी साधा मोबाइल चालत नाही. तिथे वापरायच्या उपकरणाला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय यंत्रणेची मान्यता लागते, आणि अशी उपकरणं महाग पडतात. दुसरं म्हणजे जाड पोलादी टाकीच्या आतून सिग्नल बाहेर येत नाही. म्हणून मॅनहोलवर रिले ठेवावा लागतो, आणि त्याच्या शेजारी दोर धरलेला माणूस लागतोच. त्या माणसाची जागा कुठलंही उपकरण घेत नाही.

एक शंका कामगारांकडून येते आणि ती रास्त आहे. छातीवरची डबी गॅस मोजते, तशी माणूस कुठे आहे, किती वेळ उभा आहे, हेही नोंदवते. तीच नोंद पगार कापायला वापरली गेली तर डबी लॉकरमध्ये राहील किंवा सुरक्षित कोपऱ्यात टांगली जाईल, आणि क्लाउडवर दिसेल की सगळं आलबेल आहे. अलार्म वाजल्यावर बॅच थांबवणाऱ्या ऑपरेटरला माल वाया घालवल्याबद्दल बोलणी बसली, तर पुढच्या वेळी तो अलार्म गप्प करून काम चालू ठेवेल. त्यामुळे जागेची नोंद फक्त आणीबाणीत उघडेल, आणि गॅसची नोंद कामगाराला स्वतःच्या मोबाइलवर, मराठीत आणि हिंदीत, पाहता येईल, हे आधी लेखी ठरायला हवं. ठेकेदाराच्या माणसांना या व्यवस्थेतून वगळणं तर अक्षम्यच, कारण टाकीत उतरतात तेच.

राहिला कुंपणाबाहेरचा प्रश्न. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात नवा भाग घालण्यात आला. त्यातल्या कलम 41 ब ने धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेलाही देणं बंधनकारक केलं होतं. तेव्हा माहिती द्यायची म्हणजे कागद द्यायचा. पण आकडे भिंतीबाहेर न्यायला अडचण नाही, हे आपल्याकडे सिद्धही झालं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी 2014 मध्ये अतिप्रदूषणकारी 17 प्रकारच्या उद्योगांना, ज्यांत औषधं आणि रंगनिर्मितीही आहे, चिमणी आणि सांडपाण्याची सततची ऑनलाइन मोजणी बसवायला सांगितलं. ते आकडे मंडळांच्या सर्व्हरवर जातात. म्हणजे चिमणीतून काय सुटतं ते सरकारला बसल्या जागी दिसू शकतं. पण स्फोटाच्या वाटेवर असलेल्या रिअ‍ॅक्टरचं तापमान कारखान्याबाहेर कोणालाही दिसत नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला नाही, अग्निशमन केंद्राला नाही.

कंपन्या म्हणतात, आमची कृती व्यापाराचं गुपित आहे. हा आक्षेप सांभाळता येतो. अग्निशमन केंद्राला अभिक्रियेची कृती नको असते. अमुक प्लॉटवर, अमुक रसायनाच्या साठ्याजवळ, लाल पातळीचा अलार्म वाजला, एवढंच त्यांना आणि शेजारच्या कंपन्यांना कळायला हवं. डोंबिवलीत 26 मे 2016 ला प्रोबेस कंपनीत स्फोट होऊन बारा जण गेले. आठ वर्षांनी 23 मे 2024 ला अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट झाला. दोन्ही वेळा पहिल्या बातम्या बॉयलर फुटल्याच्या होत्या, म्हणजे आत काय पेटलंय हे सुरुवातीला बाहेर कोणालाच धड माहीत नव्हतं. पाणी मारायचं की फोम, हे ज्यावर ठरतं ती माहिती जवानांना गेटवर पोचल्यावर विचारावी लागते, आणि सांगणारा माणूस कदाचित जखमी असतो.

अर्थात इशाऱ्यालाही मर्यादा आहे. एप्रिल 2024 मध्ये बदलापूरच्या खरवई एमआयडीसीत रिअ‍ॅक्टरच्या स्फोटानंतर एक टाकी उडून काहीशे मीटरवरच्या चाळीतल्या घरावर पडली, आणि आत झोपलेलं कुटुंब जखमी झालं. अशा वेळी कुठलाही संदेश पुरत नाही. तिथे प्रश्न आहे चाळ आणि रिअ‍ॅक्टर यांच्यातल्या अंतराचा, आणि तो नगररचनेच्या नकाशावरच सोडवावा लागेल.

गॅसच्या बाबतीत मात्र वेळ मिळतो. 12 सप्टेंबर 2024 च्या रात्री अंबरनाथच्या मोरिवली एमआयडीसीतून निघालेला धूर रस्त्यांवर आणि रेल्वे रुळांवर धुक्यासारखा पसरला, लोकांच्या डोळ्यांची आणि घशाची आग झाली. तोवर इशारा देण्याचं साधन देशात तयार होतं. 2023 मध्ये देशभरातल्या मोबाइलवर एकाएकी मोठा आवाज होऊन चाचणीचा संदेश आला होता, तो अनेकांना आठवत असेल. सेल ब्रॉडकास्ट या पद्धतीत ठरावीक टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर, कोणाचाही नंबर न लागता, एकाच वेळी इशारा उमटतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या व्यवस्थेतून पूर आणि विजांचे इशारे लोकांना मिळतातच.

कारखान्याच्या लाल अलार्मपासून या व्यवस्थेपर्यंत दुवा जोडायचा, तर काही गोष्टी शांत दिवशी ठरवाव्या लागतील. किती प्रमाणाला इशारा द्यायचा, बटण कोणाच्या हाती, चुकीचा अलार्म गेला तर खुलासा कोण करणार. हेही ठरवायला हवं, की संदेशात वाऱ्याची दिशा आलीच पाहिजे. वायू वाऱ्याबरोबर सरकतो, म्हणून पळायचं ते वाऱ्याच्या आडव्या दिशेने, आणि तेवढा वेळ नसेल तर ओल्या कपड्याने दारा-खिडक्यांच्या फटी बुजवून घरातच थांबायचं. एमआयडीसीच्या गच्च्यांवर वाऱ्याची दिशा दाखवणारे नारिंगी-पांढरे कापडी मोजे फडकत असतात. तिथे दिशा आणि वेग मोजणारा छोटा सेन्सर बसवून त्याचं रीडिंग त्याच क्लाउडवर न्यायला फारसा खर्च येत नाही, आणि मग बदलापूर पूर्वेच्या फोनवर एक सूचना, पश्चिमेच्या फोनवर दुसरी, असं पाठवणं शक्य होतं.